२७० रुपयांचा चषक

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात दरवर्षी होणाऱ्या रग्बी सामन्यातील विजेत्याला जो चषक मिळतो, तो या खेळातील सर्वांत जुना आंतरराष्ट्रीय चषक असून त्याचे नाव 'कलकत्ता कप' असे आहे. आणि तो ज्या हौशी क्लबच्या शिल्लक रकमेतून घडवला गेला, त्या क्लबचे पहिले आयुष्य जेमतेम पाच वर्षांचे होते. या क्लबने त्या पाच वर्षांत कोणते सामने जिंकले आणि कोणते हरले, हे आज रग्बीच्या अभ्यासकांनाही ठाऊक नसते, परंतु क्लब बंद करताना त्याच्या सभासदांनी जो निर्णय घेतला, त्याची आठवण दरवर्षी हजारो प्रेक्षकांसमोर जागी होते.

रग्बीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येते. इंग्लंडमधील रग्बी या गावच्या शाळेत रुजलेला, लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याची मुभा देणारा परंतु सहकाऱ्याकडे तो पुढच्या दिशेने फेकण्यास मनाई करणारा हा खेळ, १८७१ मध्ये 'रग्बी फुटबॉल युनियन' ही संघटना लंडनमध्ये स्थापन झाल्यावर एका नियमावलीखाली आला. त्याच वर्षी २७ मार्च रोजी एडिंबरो येथील रेबर्न प्लेसच्या मैदानावर पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला आणि तो स्कॉटलंडने जिंकला. त्या काळी प्रत्येक बाजूस २० खेळाडू असत. १८७७ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत ही संख्या १५ वर आली.

कलकत्त्यातील पहिला सामना २५ डिसेंबर १८७२ रोजी, म्हणजे नाताळच्या दिवशी खेळला गेला, आणि त्यात एका बाजूला इंग्लंडचे २० तर दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स या तिन्ही प्रांतांचे मिळून २० खेळाडू होते. सामना इतका रंगला की आठवड्याभराने तो पुन्हा खेळवण्यात आला, आणि त्या उत्साहातूनच जानेवारी १८७३ मध्ये 'कलकत्ता फुटबॉल क्लब' स्थापन झाला. पहिल्याच वर्षी क्लबची सभासदसंख्या १३७ वर गेली आणि १८७४ मध्ये तो लंडनच्या युनियनशी संलग्नही झाला. या भरभराटीत खेळाच्या ओढीइतकाच वाटा क्लबच्या फुकट मद्यगृहाचा होता, असे इतिहासकार नोंदवतात, आणि ते खरे मानण्यास जागा आहे. कारण ही सोय बंद होताच सभासदांची संख्या झपाट्याने घटू लागली.

मात्र केवळ मद्यगृहावर ठपका ठेवणे योग्य होणार नाही. हौशी क्लब, म्हणजे ज्याचे खेळाडू मोबदला न घेता खेळतात असा क्लब, तीन गोष्टींवर टिकून असतो: खेळता येईल अशी जमीन, दर हंगामात परत येणारे खेळाडू आणि सामना देणारा प्रतिस्पर्धी. कलकत्त्यात या तिन्ही गोष्टी डळमळीत होत्या. हिवाळ्यात बंगालची जमीन वाळून टणक होत असे, आणि अंगावर झेप घेऊन प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर पाडणे हा ज्या खेळाचा गाभा आहे, त्याला अशी जमीन मानवत नाही. 'बफ्स' या नावाने प्रसिद्ध असलेल्या ब्रिटिश पायदळ पलटणीतून क्लबला बरेच खेळाडू मिळत, परंतु १८७६ मध्ये ही पलटण कलकत्त्याहून हलली आणि क्लबचा कणाच निघून गेला. उरलेल्यांना टेनिस आणि पोलो या खेळांनी ओढून घेतले. जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता १८७० मध्येच लोहमार्गाने जोडले गेले होते आणि १८७५ मध्ये बॉम्बे जिमखानाही स्थापन झाला होता, तरी एका सामन्यासाठी सबंध संघाने देश ओलांडून जाणे नोकरदार हौशी खेळाडूंना परवडण्यासारखे नव्हते. प्रतिस्पर्ध्यावाचून हंगाम उभा राहत नाही, हे आजच्या कोणत्याही छोट्या गावच्या क्लबला तितकेच लागू आहे.

अशा स्थितीत क्लबच्या बँक खात्यात काही रक्कम मात्र शिल्लक होती. उरलेल्या सभासदांनी ती मेजवानीवर किंवा नृत्यसमारंभावर उडवून मोकळे होणे सहज शक्य होते. कर्णधार, चिटणीस आणि खजिनदार ही तिन्ही कामे एकहाती सांभाळणाऱ्या जी. ए. जेम्स रॉथनी यांनी वेगळा मार्ग सुचवला: या रकमेतून एक चषक घडवून तो रग्बी फुटबॉल युनियनला अर्पण करावा, म्हणजे खेळाचे काही कायमचे भले होईल आणि क्लबची खूणही मागे राहील. डिसेंबर १८७७ मध्ये त्यांनी तसे पत्र धाडले, युनियनने देणगी स्वीकारली, आणि १८७८ मध्ये क्लब विसर्जित झाला.

यापुढचा भाग या सर्व इतिहासातील सर्वांत विलक्षण आहे. खाते बंद करून पैसे चांदीच्या रुपयांच्या रूपात काढण्यात आले आणि ते २७० रुपये वितळवून त्याच चांदीचा चषक घडवण्यात आला. तेव्हाचा रुपया म्हणजे एक तोळा, अर्थात सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचे नाणे, ज्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. म्हणजे मुशीत गेलेल्या नाण्यांचे वजन सुमारे ३.१५ किलो भरते. रुपया हा त्या काळी चांदीच्या वजनावर चालणारा पैसा असल्यामुळे नाणे वितळवणे म्हणजे मूल्य नष्ट करणे नव्हते, तर एका आकारातील मूल्य दुसऱ्या आकारात नेणे होते. याच सुमारास जर्मनीसह युरोपातील अनेक देश सुवर्णचलनाकडे वळत होते आणि जगभर चांदीचा भाव उतरू लागला होता. १८७० च्या दशकाच्या आरंभी सुमारे दोन शिलिंगांचा असलेला रुपया पुढील वीस वर्षांत सव्वा शिलिंगापर्यंत घसरला, आणि भारतात पगार घेऊन मायदेशी पैसे पाठवणाऱ्या प्रत्येक इंग्रजाला या घसरणीची झळ लागली. क्लबच्या सभासदांनी हा हिशेब केला होता असे म्हणता येत नाही, पण बँकेत पडून राहिले असते तर जे रुपये वर्षागणिक हलके झाले असते, ते कारागिराच्या हाती गेल्यामुळे अनमोल ठरले, ही वस्तुस्थिती मात्र नजरेआड करता येत नाही.

चषकाची घडणही निरखण्यासारखी आहे. सुमारे १८ इंच उंचीच्या या पात्रावर नाजूक कोरीवकाम असून त्याला तीन मुठी आहेत, आणि प्रत्येक मूठ फणा काढलेल्या नागराजाच्या आकाराची आहे. घुमटाकार झाकणावर अंबारीसह हत्ती उभा आहे. भारतीय कारागिरांनी घडवलेल्या या वस्तूत इंग्रजी चषकाची ठरीव ऐट नाही. तिची जात एखाद्या संस्थानिकाच्या देवघरातील किंवा दरबारातील चांदीच्या सामानाशी जुळते. लाकडी चौथऱ्यावरील पट्ट्यांवर प्रत्येक सामन्याचे वर्ष, विजेता देश आणि दोन्ही कर्णधारांची नावे कोरली जातात. यात एक गंमत आहे: चषकासाठी पहिला सामना १८७९ मध्ये झाला, तरीही पट्ट्यांवरील नोंदी १८७१ पासून सुरू होतात, म्हणजे क्लब स्थापन होण्याच्याही आधीचे सामने क्लबच्या चषकावर विराजमान आहेत.

कलकत्त्याच्या मंडळींची मूळ इच्छा अशी होती की, इंग्लंडमधील फुटबॉलच्या एफ. ए. कपप्रमाणे हा चषक क्लबांच्या बाद फेरीच्या स्पर्धेसाठी वापरला जावा. युनियनने ते मानले नाही. क्लबांमध्ये चषकासाठी चुरस लागली की हौशी वृत्ती बिघडते आणि पैसा शिरतो, अशी भीती तिच्या धुरीणांना वाटत होती, म्हणून चषक इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याला जोडण्यात आला. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्लबवर अन्यायच होता. एका स्थानिक क्लबने इतर स्थानिक क्लबांसाठी दिलेली भेट राष्ट्रीय संघांकडे गेली आणि इंग्लंडच्या क्लबांना बाद फेरीच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी १९७१-७२ च्या हंगामापर्यंत थांबावे लागले. शिवाय ज्या भीतीपोटी हे केले, ती टळलीही नाही: कामाचा रोज बुडवून खेळणाऱ्या मजुरांना भरपाई द्यावी की नाही या वादातून १८९५ मध्ये उत्तरेकडील क्लब फुटून निघाले, आणि १९९५ मध्ये अखेर रग्बी युनियननेही व्यावसायिकता मान्य केली.

१० मार्च १८७९ रोजी रेबर्न प्लेस येथे झालेला चषकाचा पहिला सामना अनिर्णित राहिला. स्कॉटलंडने एक ड्रॉप गोल केला, म्हणजे चेंडू हातातून सोडून तो जमिनीवर टेकून उसळताच दोन खांबांच्या मधून आणि आडव्या दांडीवरून लाथाडला. इंग्लंडने एक साधा गोल केला. तेव्हा गुण मोजण्याची पद्धतच नव्हती. प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवणे, ज्याला ट्राय म्हणतात, त्यामुळे मुख्यतः गोलवर लाथ मारण्याचा हक्क मिळत असे, आणि ती लाथ हुकली तर सारी धडपड जवळजवळ वाया जाई. ट्रायचे मोल त्यानंतर हळूहळू वाढत गेले: १९७१ मध्ये ते चार गुण झाले, १९९२ मध्ये पाच, आणि त्यानंतरच्या यशस्वी लाथेला, म्हणजे कन्व्हर्शनला, आज दोन गुण मिळतात.

हा तपशील केवळ जुन्या नोंदी वाचण्यापुरता उपयोगाचा नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर स्कॉटलंडने तीन ट्राय केले आणि इंग्लंडने एकच, तरीही इंग्लंड १६-१५ असे जिंकले, कारण स्कॉटलंडच्या तिन्ही कन्व्हर्शन हुकल्या आणि त्यांतील शेवटची तर सामना संपण्याच्या बेतात असताना हुकली. १८७९ च्या प्रेक्षकाला या निकालात नवल वाटले नसते. त्याआधीची वर्षे मात्र स्कॉटलंडची होती. २०१८ मध्ये एडिंबरोला २५-१३ असा विजय मिळवून त्यांनी दहा वर्षांचा दुष्काळ संपवला. २०१९ मध्ये ३१-० असे मागे पडूनही ३८-३८ अशी बरोबरी साधली, आणि बरोबरी झाल्यास चषक आधीच्या विजेत्याकडेच राहत असल्यामुळे तो राखला. २०२० मध्ये इंग्लंड १३-६ असे जिंकले, पण त्यानंतर ११-६, २०-१७, २९-२३ आणि ३०-२१ असे सलग चार विजय स्कॉटलंडने नोंदवले. त्यांतील २०२१ चा विजय ट्विकनहॅमवर १९८३ नंतर प्रथमच मिळालेला होता.

चषकाने हालही सोसले आहेत. १९८८ मध्ये सामन्यानंतरच्या रात्री दोन्ही संघांच्या काही खेळाडूंनी मद्याच्या भरात तो एडिंबरोच्या रस्त्यांवर चेंडूसारखा लाथाडला आणि त्याला पोचे पडले. स्कॉटलंडचा जॉन जेफ्री आणि इंग्लंडचा डीन रिचर्ड्स यांच्यावर बंदीची कारवाई झाली. दुरुस्तीनंतरही मूळ चषक नाजूकच राहिला, म्हणून तो ट्विकनहॅमच्या रग्बी संग्रहालयात जपला जातो आणि विजेत्यांना मिरवण्यासाठी प्रतिकृती केलेल्या आहेत. मूळ वस्तू पाहण्याची संधी ज्या मराठी वाचकाला मिळेल, त्याने झाकणावरचा हत्ती विशेष निरखावा.

कलकत्त्यात खेळ कायमचा संपला नाही. १८८४ मध्ये रग्बी तेथे पुन्हा सुरू झाले आणि १८९० मध्ये क्लबने आंतरक्लब स्पर्धेसाठी एक नवा चषक ठेवला. लंडनने नाकारलेली मूळ कल्पना अशा रीतीने बंगालमध्येच साकार झाली, आणि लोक त्याही चषकाला कलकत्ता कपच म्हणू लागले. १७९२ पासूनच्या कलकत्ता क्रिकेट क्लबशी १९६५ मध्ये विलीनीकरण होऊन आजचा 'कलकत्ता क्रिकेट अँड फुटबॉल क्लब' बनला. २००४ पासून कोलकात्याच्या मैदानावर 'जंगल क्रोज' हा क्लब उभा राहिला आणि त्याने वस्त्यांमधील मुलामुलींपर्यंत खेळ नेला, ही अलीकडच्या काळातील सर्वांत आश्वासक गोष्ट होय.

भारतीय क्लबांनी जमिनीच्या टणकपणावर उपाय शोधला तो पावसाळ्याचा. मुंबईत बॉम्बे जिमखान्याचे जे मैदान १९३३ मध्ये भारतातील पहिल्या क्रिकेट कसोटीसाठी वापरले गेले, त्याच मैदानावर पावसाळ्यात रग्बीचे उंच खांब उभे राहतात, आणि चिखलात घसरत, एकमेकांना खांदे भिडवून रचलेल्या स्क्रममध्ये चेंडूसाठी रेटारेटी करत क्लबांचे सामने चालतात. अनेक मैदानी खेळ ज्या पावसात आवरते घेतले जातात, तोच पाऊस येथे जमीन मऊ करून हंगाम उघडतो. १९२४ पासून चालत आलेली अखिल भारतीय स्पर्धा याच हौशी क्लबांनी जिवंत ठेवली. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात सहा संघांची व्यावसायिक 'रग्बी प्रीमियर लीग' झाली खरी, पण ती प्रत्येकी सात खेळाडूंच्या झटपट प्रकाराची होती. १५ जणांच्या पूर्ण खेळाचा भार आजही नोकरी सांभाळून सराव करणाऱ्यांवरच आहे.

महिला संघाची हकिगत याच भाराची साक्ष देते. १५ खेळाडूंच्या प्रकारात भारतीय महिलांनी पहिला कसोटी सामना २०१८ मध्ये खेळला, आणि जून २०१९ मध्ये फिलिपाइन्समध्ये पुण्याच्या वाहबिझ भरुचा यांच्या नेतृत्वाखाली सिंगापूरला २१-१९ असे हरवून पहिला कसोटी विजय मिळवला. अखेरच्या क्षणांत मिळालेल्या पेनल्टीवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने नियम मोडल्याबद्दल मिळणाऱ्या गोलवरील लाथेवर, ओडिशाच्या सुमित्रा नायक यांनी निर्णायक तीन गुण घेतले.