हनुवटीवरचे केस, पीसीओएस आणि लेझर

अंधेरी असो की बोरिवली, "नको असलेले केस कायमचे घालवा" ही पाटी दिसतेच. मुलगी पॅकेज घेते, सगळी सिटिंग पूर्ण करते, आणि काही महिन्यांनी हनुवटीवर पुन्हा केस! मग ती स्वतःलाच दोष देते. दोष तिचा नसतो.

परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेची मुंबईतली एक पाहणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. रॉटरडॅम निकष लावल्यावर 15 ते 24 वयाच्या 22.5 टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळला. यात अँड्रोजेन हॉर्मोन्स वाढतात, मऊ लव जाड आणि काळी होते.

लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग शोषतो, त्या उष्णतेनं मूळ जळतं. पण हॉर्मोन्स तशीच राहिली, तर शेजारची लव पुन्हा जाड होते. म्हणून आधी डॉक्टरांकडून हॉर्मोन्सची तपासणी, गरजेप्रमाणे औषधं, सोबत लेझर. नंतरही अधूनमधून एखादं सिटिंग लागतंच.

सावळ्या त्वचेला 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित. सिटिंगआधी वॅक्सिंग-थ्रेडिंग नको, कारण मूळच उपटलं तर प्रकाश पकडणार कशाला? रेझर चालतो, त्यानं केस जाड होत नाहीत.

तेव्हा पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: मशीन कुठलं, आणि माझ्या हॉर्मोन्सचं काय? भेटू पुढच्या भागात!