विश्लेषण : दोनच खेळाडू, बॅडमिंटनचे मैदान आणि पायाचा खेळ, ‘सेपक टकरा’ दुहेरीत पदकाची संधी कशी?

भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावात फुटबॉलचा संघ उभा करायचा तर अकरा मुले लागतात, मोठे मैदान लागते. शाळा, शिकवणी आणि मिरचीचा तोडा यातून अकरा जण रोज एकाच वेळी मोकळे सापडणे कठीण. दोन मुले मात्र सहज सापडतात. दोघांच्या संघाला आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून देणारा एक खेळ आहे, सेपक टकरा. विशेष म्हणजे, त्याच्या राष्ट्रीय महासंघाचे मुख्यालय नागपुरातच आहे.

हा खेळ नेमका काय?

‘सेपक’ हा मलय शब्द, अर्थ लाथ मारणे. ‘टकरा’ हा थाई शब्द, अर्थ विणलेला चेंडू. व्हॉलीबॉलसारखी मध्ये जाळी, पण चेंडूला हात किंवा बाहू लावायचा नाही. पाय, गुडघा, छाती, खांदा, डोके चालते. चेंडू जास्तीत जास्त तीन स्पर्शांत पलीकडे गेला पाहिजे. व्हॉलीबॉलमध्ये एकच खेळाडू चेंडू लागोपाठ खेळू शकत नाही. येथे ती मुभा आहे. पूर्वी चेंडू वेताचा असे, आता तो कृत्रिम धाग्याचा असतो. पुरुषांच्या चेंडूचे वजन १७० ते १८० ग्रॅम. तीनपैकी दोन सेट घेणारा संघ जिंकतो.

‘रेगू’ आणि दुहेरीत फरक काय?

मूळ प्रकार रेगू. त्यात प्रत्येक बाजूला तीन खेळाडू असतात. मागे वर्तुळात उभा राहणारा ‘टेकाँग’ सर्व्हिस करतो. जाळीजवळचा सहकारी त्याच्याकडे हाताने चेंडू टाकतो आणि तो पाय उंचावून चेंडू पलीकडे मारतो. दुहेरीत दोघे मैदानात आणि एक राखीव. सर्व्हिस मागच्या सीमारेषेबाहेरून होते. मैदान मात्र तेवढेच राहते. त्यामुळे चेंडू उचलणे, सहकाऱ्याला देणे आणि जाळीवर हल्ला करणे ही तिन्ही कामे दोघांनाही यावी लागतात. फक्त सर्व्हिसमध्ये तरबेज असलेला खेळाडू येथे पुरेसा नाही.

आशियाई स्पर्धेत दुहेरी कधी आली?

सेपक टकरा १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला. दुहेरी २००६च्या दोहा स्पर्धेत आली. २०१०च्या ग्वांगझू आणि २०१४च्या इंचेऑन स्पर्धेत रेगू व सांघिक प्रकारांतील सुवर्णपदके बलाढ्य थायलंडने नेली. पुरुष दुहेरीचे सुवर्ण मात्र दोन्ही वेळा म्यानमारने जिंकले. इंचेऑनमध्ये यजमान दक्षिण कोरियाला रौप्यावर समाधान मानावे लागले. म्यानमारमध्ये वेताचा चेंडू पायाने हवेत झेलत ठेवण्याचा ‘चिनलोन’ हा पारंपरिक खेळ गावोगावी खेळला जातो. दुहेरीला लागणारी चेंडूवरची हुकूमत तेथील मुलांच्या अंगी लहानपणापासूनच असते.

भारत कुठे आहे?

१९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हा खेळ प्रदर्शनीय स्वरूपात झाला. त्याच वर्षी १० सप्टेंबरला भारतीय महासंघ स्थापन झाला. पहिल्या आशियाई पदकासाठी मात्र ३६ वर्षे वाट पाहावी लागली. २०१८मध्ये पालेमबांग येथे पुरुष संघाने सांघिक रेगूत कांस्य जिंकले. त्या संघात दिल्लीत कुटुंबाच्या चहाच्या दुकानावर हात लावणारा हरीश कुमार होता. हांगझोऊ स्पर्धेत २०२३मध्ये महिलांनी रेगूत कांस्य मिळवले. मार्च २०२५मध्ये पाटण्यातील विश्वचषकात भारताने सात पदके घेतली. पुरुष रेगूच्या अंतिम सामन्यात जपानला २-१ असे हरवून पहिले सुवर्ण मिळाले. महिला दुहेरीत रौप्य, तर पुरुष दुहेरीत कांस्य आले.

मग भिवापूरला यात काय?

या खेळाचे मैदान १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या मैदानाएवढेच. पुरुषांच्या जाळीची उंचीही मध्यभागी १.५२ मीटर, जवळपास बॅडमिंटनइतकीच. ज्या शाळेत बॅडमिंटनचे मैदान आखलेले आहे, तिथे नवी जागा लागत नाही. लागतो तो योग्य चेंडू, मजबूत जाळी आणि शिकवणारा माणूस. खरी अडचण तिसऱ्याची आहे. मुख्यालय नागपुरात असले, तरी या खेळाची सर्वाधिक ओढ दिसते ती मणिपुरात. तिथे शिकवणारे आणि खेळणारे एकाच मोहल्ल्यात भेटतात. उमरेडच्या पुढच्या गावात तो माणूस पोहोचला, तरच नागपूरच्या मुख्यालयाचा आपल्या मुलांना उपयोग.

सुरुवात करताना काय पाहावे?

पहिले, हवेत उलटे होऊन मारायची किक सिमेंटच्या फरशीवर शिकू नये. आधी पायाच्या आतल्या बाजूने चेंडू हवेत ठेवण्याचा सराव, मग डोके आणि गुडघा. उडीची किक प्रशिक्षक असेल तेव्हाच आणि गादीवर.

दुसरे, केवळ दुहेरीच्या भरवशावर राहू नये. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दुहेरी नव्हती; रेगू, सांघिक रेगू आणि चौघांची ‘क्वाड्रंट’ हेच प्रकार होते. संघाची सुरुवात दोघांनी करावी, पण तिसरा गडी लवकर तयार करावा.

तिसरे, क्रीडा गुण किंवा नोकरीतील सवलत गृहीत धरू नये. कोणत्या खेळाच्या, कोणत्या स्तरावरील प्रमाणपत्राला ती लागू आहे, हे स्पर्धेची प्रवेश फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे. स्पर्धा संपल्यावर हा प्रश्न विचारला, तर मुलाचे वर्ष हातचे गेलेले असते.