पेढी बंद, व्यवहार चालू

24 मार्च 2020 च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा आपल्या पेढ्या मार्चअखेरच्या हिशेबात गुंतल्या होत्या. वह्या दुकानात, दुकानाला कुलूप आणि येणे-देणे मात्र थांबावयास तयार नाही, अशी ती अवस्था. 11 मे पासून आठवडाभर वाशीची घाऊक बाजारपेठही बंद राहिली.

अशा वेळी आधार झाला तो खिशातल्या फोनचा. यूपीआय 2016 पासून होतेच. परंतु अनेकांच्या गल्ल्यावर त्याची पाटी लागली ती या संकटात. एप्रिल 2020 मध्ये देशातील यूपीआय व्यवहार शंभर कोटींच्या किंचित खाली घसरले होते. ऑक्टोबरात त्यांनी दोनशे कोटींचा टप्पा ओलांडला. ज्या दिवाणजींनी आयुष्यभर लाल चोपडीत जमा-खर्च लिहिला, तेही नातवंडांकडून क्यूआर कोड शिकले!

तथापि, यंत्राला त्याच्या वाट्याहून अधिक श्रेय देऊ नये. व्हॉट्सॲपवर मालाचे छायाचित्र धाडता आले, बिलही गेले. पण छायाचित्रावर विसंबून उधार माल पाठविण्याचा निर्णय दोन घराण्यांतील जुन्या ओळखीने घेतला. ज्याची पत आधीपासून होती, त्याच्याच संदेशाला तत्काळ होकार आला. धंद्यात नव्याने उतरलेल्या तरुणाजवळ फोन तोच होता, पत नव्हती.

धर्माराधनेत प्रश्न अधिक नाजूक झाला. त्या पर्युषणात सर्वोच्च न्यायालयाने दादर, भायखळा व चेंबूर येथील मंदिरे 22 आणि 23 ऑगस्ट या दोन दिवसांसाठी उघडण्यास अनुमती दिली. एका वेळी पाच जण, दिवसाला अडीचशे. इतरांनी संवत्सरी प्रतिक्रमण घरीच केले, कित्येकांनी पडद्यासमोर बसून. विजेच्या वापरात तेजस्काय जीवांची विराधना होते, म्हणून अनेक साधू-साध्वी ध्वनिवर्धकही वापरीत नाहीत. मग प्रतिक्रमणासाठी पडदा चालेल काय? यावर संघासंघांत मतभेद झाले, आजही आहेत. आमच्या मते प्रवचन-श्रवणास व सूत्रे शिकण्यास फोन जरूर घ्यावा. प्रतिक्रमण मात्र कंठस्थ सूत्रांनीच व्हावे. ज्या घरांत आजींना सर्व सूत्रे मुखोद्गत होती, तेथे त्या संध्याकाळी फोन बाजूला ठेवला गेला, आणि आजी म्हणतील तसे मुले म्हणत गेली.