काळ्या मातीत वाळू किती घालावी?

जालना जिल्ह्यातील अंकुशनगर हे अंबड तालुक्यातील साखर कारखान्याचे गाव. भोवती गोदाखोऱ्यातील भारी काळी जमीन. ऊस-कापसाला ती मानवते. पण शाळेच्या परसबागेत मेथी, टोमॅटो लावले की पावसाळ्यात मुळे गुदमरतात आणि उन्हाळ्यात वाफ्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मग हमखास सल्ला मिळतो, 'थोडी वाळू मिसळा.'

थोडी म्हणजे किती? हिशेब मुलांकडूनच करून घेऊ. १ चौरस मीटर वाफ्यात ३० सेंमी खोलीपर्यंत सुमारे ४०० किलो माती असते. त्यात ५५ टक्के चिकणकण धरले तर ते २२० किलो झाले. हे प्रमाण २५ टक्क्यांवर आणायचे तर एकूण वजन ८८० किलो हवे. म्हणजे ४८० किलो वाळू, मातीहूनही जास्त! चार घमेल्यांनी काहीच साधत नाही.

खोड आहे ती चिकणकणांत. बसाल्ट झिजून बनलेल्या आपल्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. त्याचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात; पानांमध्ये पाणी शिरले की ते फुगते, वाळले की आकसते. त्याच्या एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग ६०० ते ८०० चौरस मीटर, म्हणजे पाच-सहा कबड्डीची मैदाने! एवढ्या पृष्ठभागावर पाणी इतके घट्ट धरले जाते, की माती ओलसर दिसत असतानाही रोप सुकते.

कण बदलता येत नाहीत, पण त्यांची रचना बदलता येते. कुजलेले शेणखत, पालापाचोळा, कारखान्याची कुजवलेली प्रेसमड यांमुळे कण एकत्र येऊन माती रवाळ होते. आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय पदार्थ लवकर संपतात, म्हणून खत दरवर्षी घालावे लागते. वाफे १५-२० सेंमी उंच, गादीवाफेच करावेत. आणि वाफसा आल्याशिवाय कुदळ लावू नये (हे आजोबांना विचारले तरी चालेल). मुठीत दाबलेला गोळा खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा आला.

वर्गात एक प्रयोग करता येईल. गढूळ पाण्याच्या दोन पेल्यांपैकी एकात तुरटी फिरवा; तो आधी निवळतो. ऋणभारित चिकणकण एकमेकांना दूर लोटतात; तुरटीतील धनभारित ॲल्युमिनियम त्यांना जवळ आणते. जिप्सममधील कॅल्शियमही हेच काम करते. मात्र चुनखडीयुक्त मातीत कॅल्शियम आधीच असते. सोडियम साठून जमीन चोपण झाली असेल तरच जिप्सम उपयोगी, आणि ते माती परीक्षणातूनच कळते.