कोठारातले भात आणि किनाऱ्यावरचे गलबत

तंजावराहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या वाटेवर पापनाशम् लागते, आणि त्याला लागूनच तिरुप्पालैत्तुरै येथे पालैवननाथाच्या देवालयाच्या आवारात, सतराव्या शतकात नायक राजांच्या अमदानीत बांधलेले, सुमारे ३६ फूट उंचीचे, वाटोळे आणि माथ्याकडे निमुळते होत गेलेले विटांचे एक धान्यकोठार उभे आहे. त्यात तीन हजार कलम भात मावत असे, असे सांगतात. कलम हे तमिळ मुलखातले धान्याचे जुने माप. ज्या ऋतूत हे कोठार पाहावे असे मला वाटते तो ऋतू प्रवाशांना सहसा आवडत नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर आभाळ निवळते आणि अंगणात वाळवणे पडतात. कावेरीच्या मुखप्रदेशात मात्र ईशान्येकडचा पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत कोसळतो, आणि कुरुवै हंगामाचे भात कापून खळ्यावर येते ते नेमके त्याच सुमारास. खरेदी केंद्रावर भात आणणाऱ्या शेतकऱ्याला शंभरात सतरा भागांहून अधिक ओल चालणार नाही असे बजावले जाते, आणि पावसाने उघडीप दिली नाही की ही मर्यादा सैल करावी म्हणून सरकारदरबारी अर्ज जातात.

या सतरा भागांमागे एक साधा आणि कठोर नियम आहे. भाताचा दाणा काय किंवा सागाची फळी काय, ही दोन्ही वनस्पतीच्या देहाचीच रूपे असल्यामुळे भोवतालच्या हवेशी त्यांची पाण्याची देवघेव अखंड चालू असते. हवा दमट असली की ती पाणी शोषून घेतात, कोरडी असली की सोडतात, आणि हवेच्या दर अवस्थेला त्यांच्या अंगातील ओलीचे एक ठरावीक प्रमाण येऊन स्थिरावते. भात दीर्घकाळ टिकायचे तर हे प्रमाण शंभरात तेराचौदाच्या वर जाता कामा नये. ते वर गेले की दाण्याचे श्वसन वाढते, श्वसनातून उष्णता आणि आणखी पाणी बाहेर पडते, त्या पाण्याने शेजारचे दाणे ओलावतात, आणि राशीच्या पोटात आपोआप वाढत जाणारी एक ऊब सुरू होते, जिचा शेवट बुरशीत होतो. जाड विटांच्या भिंतीचा मोठा गुण असा की, दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारवा यांचे हेलकावे ती आतपर्यंत पोहोचू देत नाही, आणि त्यामुळे आतल्या पृष्ठभागावर दव धरण्याचे प्रसंग कमी येतात.

कोठारापाशी उभे राहिल्यावर गलबताची आठवण होणे विचित्र वाटेल. परंतु या मुलखात ती स्वाभाविक आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी महाराज यांनी याच प्रांताच्या किनाऱ्यावर मनोरा नावाची आठ मजली वास्तू उभारली आणि तेथे जहाजबांधणीचा कारखानाही घातला, असे सांगतात; म्हणजे भाताचे कोठार आणि लाकडी जहाज या दोहोंची चिंता एकाच राज्याच्या दफ्तरात नोंदली गेली असेल. शिवाय चोळमंडलाच्या किनाऱ्यावरचा कोळी ओलीचा हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळत आला आहे. त्याचे कट्टुमरम्, म्हणजे शब्दशः ‘बांधलेले लाकूड’, हलक्या आणि मऊ ओंडक्यांचे असते. ते पाणी पिऊन जड होते म्हणून समुद्रावरून परतल्यावर तो दोर सोडतो, ओंडके सुटे करतो आणि वाळूवर वाळत टाकतो. नावेला ओलीपासून जपण्याची इतकी सरळ रीत दुसरी माझ्या पाहण्यात नाही.

फळ्यांच्या नौकेचे प्रकरण मात्र अधिक नाजूक आहे, कारण साठवणीतल्या भाताला कोरडेपणा जितका चालतो तितका नौकेला चालत नाही. लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने पुरत्या तृप्त होतात तेव्हा ओलीचे प्रमाण शंभरात सुमारे अठ्ठावीस ते तीस असते. त्याखाली ओल उतरू लागली की लाकूड आक्रसते, आणि ते वर्तुळरेषांच्या दिशेने त्रिज्येच्या दिशेपेक्षा जवळजवळ दुपटीने आक्रसते. साग हा या बाबतीत फार संयमी वृक्ष. तरीही वीस सेंटिमीटर रुंदीच्या सागाच्या फळीची ओल अठरावरून दहावर आली तर ती दोनतीन मिलिमीटर तरी अरुंद होते, आणि दोन फळ्यांमधील सांध्याला तेवढी फट पुरेशी असते. उलट बाजूस, ओल विसाच्या वर गेली आणि तेथेच राहिली की लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला राहण्याजोगे घर मिळते. म्हणजे नौकेच्या बाबतीत ओलीला हद्दपार करण्याची कामगिरी नाही. तिला दोन सीमांच्या आत नांदवण्याची आहे, आणि सारी कारागिरी याच कामी खर्ची पडते.

पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यांवर या एकाच नियमाची दोन उलट संकटे दिसतात. कोकणात मासेमारीची बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, तेव्हा नौका ऐन पावसात किनाऱ्यावर येतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ती १५ एप्रिलपासून १४ जूनपर्यंत असते, आणि तेथे ओढून ठेवलेली लाकडी नौका उन्हाने व तापलेल्या वाऱ्याने वाळून सांधे उघडते. पूर्वेकडच्या नौकेला सावली आणि पाण्याचा शिडकावा हवा, तर कोकणातल्या नौकेला छप्पर आणि वारा.

पावसाळ्यातील या निवाऱ्याचे महत्त्व मराठी राज्यकर्त्यांनी जुन्या काळीच ओळखले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी असा बंदोबस्त सांगितला आहे की, पावसाळा लागण्यापूर्वीच गलबते छावणीस न्यावीत, ती उघड्या समुद्राच्या बंदरी न ठेवता किल्ल्याच्या आश्रयास सुरक्षित जागी ठेवावीत, आणि दरवर्षी एकाच बंदरावर हा भार न टाकता बंदरे पालटीत जावीत, म्हणजे रयतेस उपद्रव होणार नाही. जहाजाच्या निवाऱ्याचा विचार करताना ज्या राजनीतीला किनाऱ्यावरच्या कुणब्याचीही आठवण राहते तिच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटन खाडीच्या काठी खडक खोदून केलेली मराठी आरमाराची गोदी आजही दिसते.

कोकणातला कोळी आपली होडी ओढून घेतो, ओंडक्यांवर टेकवतो आणि झापांनी शाकारतो. या शाकारण्याच्या कृतीत जे विज्ञान आहे ते मला फार मोलाचे वाटते. मृगाच्या पावसानंतर कोकणातील हवेची सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा पंचाऐंशी ते नव्वदाच्या घरात असते, आणि तेवढ्या दमट हवेत लाकडाची ओल आपोआप अठरा ते विसांपर्यंत येऊन पोहोचते; म्हणजे पावसाचा एक थेंबही लागला नाही तरी फळी कुजण्याच्या सीमेवरच उभी असते. मग बुडात साचलेले ओंजळभर पाणी, सांध्यात अडकलेला गाळ, एका कोपऱ्यात राहिलेले ओले जाळे, यांतील कोणतेही एक कारण तिला सीमेपलीकडे ढकलायला पुरते. म्हणूनच होडी किंचित कलती ठेवतात, तळाचे बूच काढून टाकतात आणि फळ्या जमिनीला भिडू देत नाहीत.

याच ठिकाणी प्लास्टिकच्या ताडपत्रीविषयी स्पष्ट लिहिणे अवश्य आहे. ३० अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २४ अंशांना सुमारे २२ ग्रॅमच मावते. दिवसा पडलेल्या उन्हाने ताडपत्रीखालची हवा तापून लाकडातली वाफ उचलते, आणि रात्री ताडपत्री आभाळाकडे उष्णता टाकून गार झाली की तीच वाफ तिच्या आतल्या अंगाला दव होऊन चिकटते व नौकेच्या पोटात ठिबकते. हवेतील पाणी थोडके असले तरी लाकडाचा साठा थोडका नाही. एक टन कोरड्या वजनाच्या लाकडाची ओल विसावरून पंधरावर यायची तर पन्नास किलो पाणी बाहेर पडावे लागते, आणि हवाबंद आच्छादनाखाली ते जाणार कोठे? झापावरून पाऊस पानाच्या पात्याबरोबर घसरून जातो आणि वाफ मात्र फटींतून निघून जाते; ताडपत्री वापरायचीच असेल तर ती आडव्या काठीवर ताणून दोन्ही टोके उघडी ठेवावीत, एवढे तरी अवश्य करावे.

मिठाची गोष्ट यापेक्षाही कमी लोकांना ठाऊक असते. सामान्य मीठ हवेची आर्द्रता पंचाहत्तराच्या वर गेली की हवेतून पाणी ओढून पाझरू लागते, आणि समुद्राच्या मिठात मिसळलेले मॅग्नेशियमचे क्लोराइड तर तिसाच्या थोडे वरच ते करू लागते. त्यामुळे खाऱ्या पाण्यातून काढलेली नौका गोड्या पाण्याने नीट धुतली नाही तर तिची लोखंडी खिळेपट्टी, दोर आणि यंत्र पावसाळाभर ओलेच राहते. पण लाकडाच्या बाबतीत विपरीत घडते: खाऱ्या पाण्याने मुरलेल्या फळीत बुरशीला जम बसवणे कठीण जाते, आणि जहाजे कुजतात ती बहुधा डेकवर साचलेल्या पावसाच्या गोड्या पाण्याने. पूर्वीचे जहाजवाले फासळ्यांच्या मधल्या पोकळीत मीठ भरीत, ते याच कारणाने. म्हणून धुणे आवश्यक, परंतु धुतल्यावर पाणी काढून वारा देणे त्याहूनही आवश्यक.

लाकडाची जात आणि निवारा यांनी किती अंतर पडते, याची साक्ष इतिहासात आहे. ब्रिटिश आरमाराचे ‘क्वीन शार्लट’ १८१० साली पाण्यात लोटले गेले आणि सेवेत येण्याआधीच कुजीने त्रासले. उलट मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागाचे बांधलेले ‘त्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरले, इंग्लंडला पोहोचल्यावर पंचवीसेक वर्षे राखीव म्हणून बाजूला पडून राहिले, आणि आजही हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. सागाच्या अंगातील तेल आणि बुरशीला न मानवणारी द्रव्ये यांचा तो प्रभाव. ज्यांना साग परवडत नव्हता त्यांनी माशाच्या तेलाचे लेप देऊन काही अंशी तेच साधले. आजच्या काचतंतूच्या नौकेला बुरशीची भीती नाही, पण तिच्या भिंतीतही पाणी कणाकणाने शिरते आणि फोड उठतात. बाहेर काढून वाळवणे तिलाही चुकत नाही.

नारळी पौर्णिमा जवळ आली की झाप उतरतात, सांधे पाहिले जातात आणि होडी पाण्यात ढकलली जाते. किनाऱ्यावर राहून फळ्या जितक्या आक्रसल्या असतील तितके पाणी पहिल्या दिवशी आत झिरपते, आणि जाणता कोळी ते पाहून घाबरत नाही. तो होडी उथळ पाण्यात बांधून ठेवतो, पाणी उपसत राहतो, आणि फुगलेल्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडाची फळी हाताने चाचपून पाहतो.