काचेवरचे जयपूर

जयपूरचे जुने छायाचित्र हाती आले की आधी एवढेच पाहावे: ते रेल्वे येण्यापूर्वीचे आहे की नंतरचे? १८७० च्या दशकाच्या मध्यावर आग्र्याकडून बांदीकुईमार्गे मीटरगेज गाडी जयपुरात पोचली. छायाचित्र कोणासाठी काढायचे, हे तेव्हापासून बदलत गेले.

त्याआधी या शहरातले सर्वांत झपाटलेले छायाचित्रकार खुद्द महाराज होते. सवाई रामसिंह दुसरे (१८३३–१८८०) बंगाल फोटोग्राफिक सोसायटीचे सदस्य होते. आपल्याकडे मुंबईत अशी सोसायटी १८५४ मध्येच निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिथे नाव कमावत होते. पण राजाने स्वतः रसायनांत हात बुडवावेत, ही गोष्ट वेगळीच.

आणि हात खरोखरच बुडवावे लागत. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर सुकण्याआधी अंधाऱ्या खोलीत धुऊन काढायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. राजस्थानच्या उन्हाळ्यात तर त्याहून कमी. काचेला निळा प्रकाश चटकन दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. म्हणून या चित्रांत आकाश कोरे पांढरे येते आणि लाल ओढणी काळी. काळे वस्त्र दिसले म्हणून ते काळेच होते, असे मानू नये.

रामसिंहांच्या सुमारे दोन हजार काचा आज जयपूरच्या सिटी पॅलेस संग्रहालयात आहेत. त्यांत सरदार आहेत, पाहुणे आहेत, रुद्राक्षमाळा घातलेले शिवभक्त महाराज स्वतः आहेत. मला सर्वांत मोलाची वाटतात ती जनान्यातल्या स्त्रियांची चित्रे. परक्या पुरुषाच्या नजरेस न पडणाऱ्या या स्त्रिया रंगवलेल्या पडद्यासमोर, गालिच्यावर, खुर्चीत बसून थेट भिंगाकडे पाहतात. त्या काळी विलायती छायाचित्रकार हिंदुस्थानी माणसांना जातीजमातींचे नमुने म्हणून टिपत होते. इथे मात्र प्रत्येक चेहरा एका व्यक्तीचा आहे. एवढा आदर त्या काळच्या फार थोड्या छायाचित्रांत आढळतो.

१८८० मध्ये रामसिंह गेले. त्याच सुमारास तयार कोरड्या काचा बाजारात येऊ लागल्या. जागेवर रसायने कालवण्याची गरज संपली, प्रकाश द्यायचा वेळही घटला. इकडे रेल्वेने प्रवासी आणले होते, त्यांना घरी न्यायला आठवण हवी होती. गोबिंदराम-उदयराम यांच्यासारखे जयपूरचे स्थानिक स्टुडिओ ही गरज भागवू लागले. हवामहल, आमेरचा किल्ला, १८८७ मध्ये खुला झालेला अल्बर्ट हॉल! चित्रे देखणी आहेत, दगडातली जाळी न् जाळी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. वास्तूंच्या डागडुजीला आजही त्यांचा आधार घेता येईल. पण माणूस त्यांत बहुधा इमारतीची उंची कळावी म्हणून उभा केलेला असतो.

जयपूरच्या सहलीत हवामहलसमोर फोटो काढण्याआधी एक दुपार सिटी पॅलेसच्या संग्रहालयाला द्यावी. रामसिंहांच्या छायाचित्रांपैकी जी मांडलेली असतील, ती सावकाश पाहावीत. इमारती शंभर वर्षांनीही पुन्हा टिपता येतील. त्या स्त्रिया मात्र पुन्हा टिपता येणार नाहीत.