मद्रासचा वसंत बोटीने यायचा

चेन्नईत चैत्र येतो, पण वसंत येत नाही. कडुलिंबाला फुलोरा धरतो, तमिळ नववर्षाच्या दिवशी त्या फुलांची पचडी घरोघर होते (आपल्या पाडव्याच्या कडुलिंब-गुळाची ही सख्खी बहीणच), पण थंडी ओसरून हळूहळू ऊब वाढत जाण्याचा जो मऊ ऋतू इंग्रज माणसाच्या डोक्यात असतो, त्याला इथे जागाच नाही. मार्चमध्ये पारा 33 अंशांच्या आसपास असतो आणि मे महिन्यात 37-38 वर. वर समुद्राचा दमटपणा. अशा शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माउंट रोडवरची विलायती दुकानं लंडनच्या हंगामाचा माल मांडून बसत. लेस, हॅट, हातमोजे, छत्र्या, लोकरीचे कोटसुद्धा. आणि हा माल खपायचा! लोकर? चेन्नईत? एप्रिलमध्ये? या एका प्रश्नाचा धागा ओढत गेलं की दुकानामागून बोटी, बंदर, रेल्वे, आजारपणाच्या अजब कल्पना आणि सरकारचं वेळापत्रक असं सगळं बाहेर यायला लागतं.

दुकानापासूनच सुरुवात करू. चार्ल्स ड्युरंट आणि जे. डब्ल्यू. स्पेन्सर या दोघांनी 1863 च्या सुमारास माउंट रोडवर (आजचा अण्णा सालै) व्यवसाय थाटला. 1882 मध्ये तो यूजीन ओकशॉट यांच्या हाती आला आणि त्यांनी त्याचं रूपच पालटलं. 1895 मध्ये उभी राहिलेली स्पेन्सरची इमारत डब्ल्यू. एन. पॉगसन यांनी इंडो-सारसेनिक शैलीत बांधली होती. मुंबईकरांना जनरल पोस्ट ऑफिस किंवा प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम आठवलं तर शैली डोळ्यांपुढे येईल. भारतीय उपखंडातलं पहिलं डिपार्टमेंट स्टोअर म्हणून तिचं नाव घेतलं जातं. आत 80 हून अधिक विभाग होते. एका छपराखाली 80 विभाग, हे आज मॉलमध्ये वाढलेल्या मुलांना काहीच वाटणार नाही. पण कापडाला एक पेठ, भांड्यांना दुसरी आळी, औषधाला तिसरीकडे, अशी सवय असलेल्या शहरात ही गोष्ट केवढी नवलाची असेल! बरं, स्पेन्सरचा पसारा दुकानापुरता नव्हता. हॉटेलं होती, दक्षिणेतल्या रेल्वे स्टेशनांवरची उपाहारगृहं होती, सोडावॉटर होतं आणि दिंडिगुलला सिगारचा कारखानाही होता. त्या मुलुखातल्या त्रिचिनोपल्ली सिगारची राख ओळखण्यावरून शेरलॉक होम्सने 1887 मध्ये, आपल्या पहिल्याच कादंबरीत, भाव खाल्ला आहे.

हा माल मद्रासला उतरायचा कसा, ही कथा मला दुकानाइतकीच भारी वाटते. मद्रासला निसर्गाने बंदर दिलेलंच नाही. सरळ किनारा आणि त्यावर आदळणाऱ्या लाटांच्या रांगा. जहाजं खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, घोडे, पियानो, काचेची भांडी हे सगळं मसुला नावाच्या होड्यांतून किनाऱ्यावर यायचं. या होड्यांत एकही खिळा नसायचा. फळ्या काथ्याने एकमेकींना शिवलेल्या असायच्या. ताठ, खिळ्यांची होडी त्या लाटांत मोडून पडली असती. शिवलेली होडी लवायची, वाकायची आणि तरायची. एखाद्या मडमेची पॅरिसची हॅट शेवटचं मैलभर अंतर शिवलेल्या होडीतून, फेसाळ पाण्याचे सपकारे खात पार करत असे, हे चित्र कुणा चित्रकाराने काढायला हवं होतं.

1861 मध्ये समुद्रात लोखंडी धक्का गेला. 1870 च्या दशकात बंदराचं काम सुरू झालं, ते 1881 च्या चक्रीवादळाने उद्ध्वस्त केलं आणि पुन्हा उभारावं लागलं. बंदराला खरी शिस्त आली ती सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्या काळात. 1904 पासून ते पोर्ट ट्रस्टचे प्रमुख होते. त्यांच्याच कचेरीत 1912 मध्ये एक कारकून नोकरीला लागला, त्याचं नाव श्रीनिवास रामानुजन. गणिताचा इतिहास आणि हॅटांची खोकी एकाच धक्क्यावरून गेली, म्हणायला हरकत नाही.

सुएझ कालवा 1869 मध्ये खुला झाला आणि या व्यापाराचं घड्याळच बदललं. पूर्वी आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाला महिनोन् महिने लागायचे. माल पोहोचेपर्यंत फॅशन शिळी. आता वाफेची बोट काही आठवड्यांत यायला लागली. मग लंडनच्या दुकानांत जो हंगाम चालू आहे, तोच जवळजवळ त्याच वेळी मद्रासमध्येही मांडता येऊ लागला. फॅशन ही ताजेपणावर चालते. तो ताजेपणा इथे कालव्याने दिला, हवामानाने नाही. ही वाट किती नाजूक होती तेही 1914 मध्ये दिसलं. जर्मन युद्धनौका एमडन बंगालच्या उपसागरात शिरून एकामागून एक व्यापारी जहाजं बुडवू लागली आणि 22 सप्टेंबरच्या रात्री तिने थेट मद्रासवर तोफा डागून बंदराजवळच्या तेलाच्या टाक्या पेटवून दिल्या.

पण लोकरीच्या कोटाचं कोडं अजून सुटलेलं नाही. त्याचं उत्तर सुमारे 2,200 मीटर उंचीवर आहे. मद्रास सरकार दर उन्हाळ्यात बाडबिस्तरा आवरून उटकमंडला, म्हणजे उटीला जायचं. गव्हर्नर, सचिव, फायली, कारकून आणि त्यांच्या मागोमाग साहेबांची कुटुंबं. मुक्काम महिनोन् महिने असे आणि त्याच्यावर मद्रासमध्ये टीकाही भरपूर व्हायची. आपल्याकडेही हेच होतं: मुंबईचं सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला असे. उटीत संध्याकाळी शेकोटी लागते, गुलाब फुलतात, शर्यती आणि नाच होतात. म्हणजे इंग्रजी वसंत खरंच होता, फक्त तो गाडीभाडं भरून गाठावा लागे. 1899 मध्ये मेट्टुपाळयम ते कुन्नूर आणि 1908 मध्ये थेट उटीपर्यंत दातेरी रुळांची आगगाडी चढू लागली, तसा तो आणखी जवळ आला. 46 किलोमीटरच्या वाटेवर काही ठिकाणी चढ 12 फुटांना एक फूट इतका तीव्र आहे, म्हणून चाकांखालच्या दात्यांचा आधार. तेव्हा घामाच्या धारा लागलेल्या मद्रासमध्ये उभं राहून लोकरीचा कोट घेणारी बाई वेडी नव्हती. ती महिनाभर पुढचा विचार करत होती.

जे खाली उरायचे त्यांच्यासाठी दुकानाचा दुसरा अर्धा भाग होता, आणि तो मला फॅशनपेक्षा रंजक वाटतो. दमट हवेत चामड्याच्या हातमोज्यांवर बुरशी चढते, रेशमावर डाग पडतात, पुस्तकांना कसर लागते, लाकडाला वाळवी. म्हणून आतून जस्त किंवा पत्रा लावलेल्या पेट्या, हवाबंद डबे, जाळीची दुभत्याची कपाटं, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची टेबलं. पियानोचंच बघा. युरोपात त्याचे भाग सरसाने चिकटवत, पण इथल्या हवेत सरस दगा देतो. म्हणून पूर्वेकडे पाठवायच्या पियानोंना पितळी स्क्रू आणि पट्ट्या मारलेल्या असत. मद्रासमध्ये वाद्यं विकणारी मिस्क्विथ ही पेढी 1842 पासूनची आणि तिचाच वारसा सांगणारं म्युझी म्युझिकल हे दुकान अण्णा सालैवर आजही आहे.

शरीराच्या बंदोबस्ताची सामग्री तर काही विचारू नका. पोटाला गारवा बाधला की कॉलरा होतो, अशी समजूत होती. म्हणून फ्लॅनेलचा रुंद पट्टा पोटाभोवती गुंडाळायचा. त्याला 'कॉलरा बेल्ट' म्हणत आणि तो सैनिकांनाही दिला जाई. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी 1854 च्या साथीत दाखवून दिलं होतं, 1884 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात त्याचे जंतूही ओळखले होते. तरी पट्टा काही पोटावरून सुटला नाही. उन्हापासून कण्याचं रक्षण करायला पाठीवर शिवायची जाड पट्टीही मिळे. डोक्यावर शोल्याची टोपी. पाणथळ जागी वाढणाऱ्या झाडाचा हा भेंडासारखा हलका गाभा बंगालकडून येई. म्हणजे 'विलायती' थाटाची सगळ्यात ठळक खूण अस्सल देशी मालाची होती.

आणि डबे! माशांचे, मटाराचे, बिस्किटांचे, लोण्याचे. त्यांच्यावर सगळ्यात सणसणीत लिहिलं आहे मद्रासच्याच एका फौजी अधिकाऱ्याने. आर्थर केनी-हर्बर्ट 'वायव्हर्न' या नावाने मद्रासच्या वर्तमानपत्रात पाककलेवर लिहीत. ते लेखन 'कलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास' या पुस्तकात 1878 मध्ये आलं, छापलं माउंट रोडच्याच हिगिनबॉथम्सने. ताजं उत्तम मिळत असताना डबाबंद पदार्थांनी मेजवानी सजवणं या माणसाला मुळीच मंजूर नव्हतं. इथल्या बंगल्यांमधली अंधारी, कोंदट स्वयंपाकघरं पाहून त्याचा जीव आणखीच वर-खाली व्हायचा. दुकानाने डबा विकावा, शेजारच्या पुस्तकवाल्याने त्या डब्याची निंदा विकावी. बाजार दोघांनाही पोसत होता.

याच रस्त्यावर एक वेगळ्या वळणाचं दुकान होतं, व्हाइटवे लेडलॉ. रॉबर्ट लेडलॉ या स्कॉटिश गृहस्थाने 1882 मध्ये कलकत्त्यात सुरू केलेली ही पेढी पुढे रंगून, सिंगापूर, शांघायपर्यंत पसरली. तिची ख्याती रोखीची. साहेबलोकांना चिठ्ठीवर सही करून उधार उचलायची सवय होती, बिल महिन्याने येई आणि कधीकधी बदलीचा हुकूम बिलाच्या आधी येई. लेडलॉने उधारी बंद केली, भाव उतरवले आणि छोट्या पगाराच्या युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि इंग्रजी शिकलेल्या भारतीय गिऱ्हाइकाला दार उघडलं. लोकांनी गमतीने दुकानाचं नाव 'राइट अवे अँड पेड फॉर' करून टाकलं. मुंबईतली त्यांची हॉर्नबी रोडवरची इमारत अनेकांनी आतून पाहिलेली आहे, पण वेगळ्याच कामासाठी: तिथे पुढे अनेक वर्षं खादी भांडार होतं. विलायती कापडाच्या मंदिरात खादी. गांधीजींना हसू आलं असतं का, कोण जाणे.

जो या बड्या दुकानांत पाऊल टाकणार नव्हता, त्याचं काय? माउंट रोडपासून हाकेच्या अंतरावर ट्रिप्लिकेन आहे, पार्थसारथी मंदिराची, शिक्षक-कारकुनांची वस्ती. तिथे 1904 मध्ये मूठभर मध्यमवर्गीयांनी इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांचा कित्ता गिरवून ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी काढली. तांदूळ, डाळ, तेल. योग्य वजन, एकच भाव, आणि नफा गिऱ्हाइकांचाच. देशातल्या अगदी पहिल्या ग्राहक सहकारी भांडारांपैकी हे एक. ते उभारण्यात शाळेचे मुख्याध्यापक व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांचा हात होता. हेच शास्त्री पुढे पुण्याच्या भारत सेवक समाजात आले आणि 1915 मध्ये गोखल्यांच्या निधनानंतर समाजाचे अध्यक्ष झाले. पॅरिसच्या बाँ मार्शे दुकानाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ केलेलं तत्त्व, वस्तूवर किंमत लिहायची आणि घासाघीस नाही, माउंट रोडवर झुंबराखाली पाळलं जात होतं आणि ट्रिप्लिकेनमध्ये तांदळाच्या पोत्यावर. मला विचाराल तर दुसरी क्रांती मोठी.

आणि त्या झुंबरवाल्या दुकानाचं पुढे काय झालं? स्पेन्सरची ती इमारत 1983 मध्ये आगीत गेली. त्याच जागेवर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेन्सर प्लाझा हा मॉल उघडला.

फॅशनचा प्रवाह मात्र एकाच दिशेने वाहत नव्हता. मद्रासचं चौकटीचं सुती कापड शतकानुशतकं बाहेर जात होतं. इथला एकेकाळचा गव्हर्नर इलायहू येल याने 1718 मध्ये अमेरिकेतल्या एका गरीब कॉलेजला मालाच्या नऊ गाठी पाठवल्या, त्या विकून 562 पौंड आले आणि कॉलेजने त्याचं नाव घेतलं. आता मजा ऐका. 1958 मध्ये एका अमेरिकन व्यापाऱ्याने कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांच्याकडून वनस्पतिजन्य रंगांत रंगवलेलं मद्रास कापड घेतलं. धुताना रंग जाणार, गार पाण्यातच धुवा, ही सूचना गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचलीच नाही. न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध ब्रूक्स ब्रदर्सचे शर्ट धुतल्यावर रंग एकमेकांत मिसळले, तक्रारींचा पाऊस पडला. मग जाहिरातवाल्यांनी डोकं लढवलं: रंग जाण्याची हमी! दर धुण्यागणिक नवा शर्ट. अमेरिकन पोरांनी तो उचलून धरला आणि मद्रास चेक्स हा तिकडच्या उन्हाळ्याचा गणवेश झाला. हे कृष्णन नायर म्हणजे मुंबईत सहारला लीला हॉटेल काढणारेच.

आजच्या चेन्नईतला खरेदीचा स्वतःचा हंगाम पाहायचा तर वसंतात जाऊ नका, जुलैच्या मध्यावर त्यागरायनगरला जा. तेव्हा आडी महिना लागतो. या महिन्यात लग्नं नाहीत, शुभकार्यं नाहीत, आणि नवविवाहितांना तर वेगळं ठेवायची जुनी चाल. दिवस गेले तर बाळंतपण ऐन चित्तिरै महिन्याच्या काहिलीत येईल, असा त्यामागचा हिशेब. साहजिकच कापडवाल्यांचे गल्ले रिकामे. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे 'आडी तळ्ळुपडी', आषाढातली घसघशीत सूट. आता रंगनाथन स्ट्रीटवर त्या अशुभ महिन्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि लग्न पुढच्या, आवणी महिन्यात असलं तरी साड्या आडीतच घेऊन ठेवणाऱ्या शहाण्या सासवा त्या गर्दीत सगळ्यात पुढे असतात.